दहा बाय बाराच्या खोलीत स्पीकर पारखताना

जोगेश्वरी पूर्वेला मेघवाडी, बांद्रेकरवाडी, प्रतापनगर या भागांत बहुतेक घरांत गाणं ऐकायची वेगळी खोली नसते. जिथे जेवण होतं, मुलांचा अभ्यास होतो, रात्री गाद्या पडतात, तिथेच टीव्हीच्या शेजारी स्पीकर येतो. झोपडपट्टी पुनर्वसनाच्या इमारतीत मिळणारं घर आधी २२५ चौरस फुटांचं होतं, मग २६९ झालं, आता ३०० आहे. त्यातली बाहेरची खोली साधारण १० बाय १२ फुटांची धरायला हरकत नाही.

स्पीकर विकत घेताना मात्र तो ऐकला जातो मॉलमधल्या ऐसपैस दालनात, नाहीतर ग्रँट रोडच्या लॅमिंग्टन रोडवरच्या गजबजाटात. वाजतं ते विक्रेत्याने निवडलेलं धडधडतं गाणं. घरी आणल्यावर तोच स्पीकर निराळा वाटतो, कारण खोली बदलली, आवाजाची पातळी बदलली आणि ऐकायची गाणीही बदलली. माझं म्हणणं सरळ आहे. भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या माणसांनी स्पीकर दणक्यावरून निवडू नये. हळू आवाजात तो माणसाचा गळा किती खरा ऐकवतो, ते पाहावं. ही पारख करायला महागडी यंत्रं लागत नाहीत. थोडा वेळ, घरातलं एक माणूस आणि एक चादर पुरते.

खोलीचा हिशेब

आपल्याकडच्या उकाड्यात ध्वनी सेकंदाला साधारण ३४९ मीटर धावतो. समोरासमोरच्या दोन भिंतींमधलं अंतर ज्या ध्वनीच्या अर्ध्या तरंगलांबीएवढं असतं, तो ध्वनी त्या दोन भिंतींमध्ये अडकून फुगतो. १२ फुटांच्या लांबीला ही कंपनसंख्या येते सुमारे ४८ हर्ट्झ, १० फुटांच्या रुंदीला ५७ आणि ९ फुटांच्या उंचीला ६४. हे तिन्ही आकडे खोलीचे आहेत. कोणत्याही कंपनीचा, कोणत्याही किमतीचा स्पीकर आणा, या खोलीत त्या स्वरांच्या आसपास बेस फुगणारच. खोली १० बाय १० असेल तर लांबी आणि रुंदीचा फुगवटा एकाच जागी येतो आणि त्रास वाढतो.

या फुगवट्याचा जोर भिंतीपाशी सर्वांत जास्त असतो आणि खोलीच्या मधोमध सर्वांत कमी. पलंगावर भिंतीला टेकून बसलेल्या माणसाला बेस भरपूर वाटतो, आणि मध्ये सतरंजीवर बसलेल्याला तोच स्पीकर फिका वाटतो. दोघेही बरोबर असतात. म्हणून स्पीकरबद्दल मत देण्याआधी बेसचं एखादं संथ गाणं लावून खोलीत चालून पाहावं. जागेगणिक आवाज किती बदलतो हे एकदा कानाला कळलं, की पुढची अर्धी चूक टळते.

दुसरी गोष्ट घुमण्याची. जोगेश्वरीची लेणी सहाव्या शतकातली, अखंड खडकात कोरलेली. दगड ध्वनी जवळजवळ शोषतच नाही, तो परत फेकतो. नवीन घराचा ताबा मिळाल्यावर रिकाम्या खोलीत, फरशी आणि प्लास्टरच्या भिंतींमध्ये, हेच लहान प्रमाणावर घडतं. बोललेला शब्द पूर्ण विरायला दीड-दोन सेकंद लागू शकतात. गाद्या, पडदे, कपड्यांनी भरलेली मांडणी आणि चार माणसं आली, की हा वेळ अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरतो. हार्वर्डच्या वॉलेस सेबाइन यांनी १८९५ नंतरच्या काही वर्षांत हा हिशेब पहिल्यांदा नीट मांडला. व्याख्यानाच्या एका सभागृहात शब्द कळत नव्हते, म्हणून त्यांनी आसनांवरच्या गाद्या आणून मोजमाप केलं होतं. आपल्या मुंबईच्या भरलेल्या खोल्यांना लोक नावं ठेवतात, पण ऐकण्याच्या दृष्टीने त्या रिकाम्या, चकचकीत दिवाणखान्यांपेक्षा पुष्कळ बऱ्या.

खडखडाट आणि पंखा

स्पीकरचा म्हणून समजला जाणारा दोष कित्येकदा घरातल्या सामानाचा असतो. स्टीलच्या मांडणीवरची ताटं, लोखंडी कपाटाचं दार, खिडकीची ॲल्युमिनियमची सरकती चौकट, ट्यूबलाइटचं झाकण, यांतलं काहीतरी एखाद्या ठरावीक स्वरावर थरथरतं आणि आपण म्हणतो, स्पीकर फुटका आहे. फोनवर ४० ते २०० हर्ट्झपर्यंत हळूहळू चढत जाणारा स्वर वाजवा. कुठे खरखर आली की स्वर तिथेच थांबवा, आणि घरात फिरून एकेका वस्तूवर हात ठेवा. हाताखाली खरखर थांबली की दोषी सापडला.

पंखा बंद करा. छताच्या पंख्याचा स्वतःचा आवाज बारीक तपशील झाकतोच, शिवाय फिरती पाती वरच्या पट्टीतला ध्वनी परावर्तित करतात आणि त्याला थरथर आणतात. उकडेल, पण पारखण्यापुरतं सोसायला हवं. एस. व्ही. रोडला किंवा रेल्वेच्या कडेला घर असेल तर गर्दीची वेळ टाळावी. रविवारची दुपार बरी.

जागा

वरच्या पट्टीतला आवाज ट्विटरमधून सरळ रेषेत निघतो, म्हणून ट्विटर कानाच्या उंचीवर हवा. आपल्याकडे जागेच्या तंगीमुळे स्पीकर कपाटावर किंवा पोटमाळ्याच्या कडेला चढतात आणि ऐकणारा जमिनीवर बसलेला असतो. अशा वेळी स्पीकरच्या मागे लाकडाची पट्टी सरकवून त्याचं तोंड खाली झुकवलं तरी शब्दांचा स्पष्टपणा लगेच वाढतो. एक पैसाही न लागणारी ही सुधारणा आहे आणि दहापैकी नऊ घरांत ती केलेली नसते.

भिंतीजवळ स्पीकर ठेवला की बेसला ६ डेसिबलपर्यंत भर मिळते, कोपऱ्यात त्याहून जास्त. लहान स्पीकरला थोडी भर उपयोगी पडते. मोठ्या टॉवरला कोपऱ्यात ढकललं तर मात्र गाणं चिखलात रुतल्यासारखं होतं.

आधी पातळी सारखी करा

दोन स्पीकरांची तुलना करताना सगळ्यांत जास्त फसवणूक इथे होते. एक स्पीकर दुसऱ्यापेक्षा जरासा जोरात वाजत असेल, तर कानाला फक्त जोर वाढल्याचं कळत नाही. तो जास्त भरदार, जास्त मोकळा, जास्त श्रीमंत वाटतो. एखाद्या डेसिबलचा फरकही मत बदलायला पुरतो. दुकानातला कुशल माणूस महाग स्पीकर थोडा वरच्या पातळीवर वाजवतो, तो उगाच नव्हे.

उपाय सोपा आहे. फोनवर डेसिबल मोजणारं एखादं ॲप घ्या. त्यावरचा आकडा काटेकोर नसेल, पण एकाच फोनने, एकाच जागी, दोन स्पीकर मोजायचे असले की तेवढं चालतं. पिंक नॉइज म्हणजे पावसाच्या सरीसारखी एकसंध सळसळ. ती दोन्ही स्पीकरांवर आळीपाळीने वाजवा आणि जोरात वाजणाऱ्याला खाली आणा. त्यानंतर व्हॉल्यूमला हात लावू नका. ॲम्प्लिफायर, फोन आणि टीव्हीतले बेस बूस्ट, सराउंड, सिनेमा मोड असले सगळे मसाले बंद. दोन्हीकडे तीच फाइल, तोच फोन, तीच जोडणी.

एका वेळी एकच स्पीकर ऐका. कॅनडाच्या राष्ट्रीय संशोधन परिषदेत फ्लॉइड टूल यांनी १९८०च्या दशकात जे प्रयोग केले, त्यांत असं दिसलं की स्पीकरचे दोष जोडीपेक्षा एकट्या स्पीकरमध्ये जास्त सहज पकडले जातात. जोडी वाजू लागली की कान खोलीभर पसरलेल्या आवाजाच्या आनंदात गुंगतो आणि गळ्याचा पोत बिघडला आहे हे निसटून जातं. स्टीरिओचा आनंद हवाच, पण निवड पक्की झाल्यावर.

मध्ये चादर

टूल पुढे हरमन या अमेरिकन कंपनीत गेले. तिथे त्यांनी आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. श्रोते ४०, सगळे कंपनीचेच कर्मचारी. स्पीकर ४. एकदा पडद्याआड आणि एकदा डोळ्यांसमोर. पडदा असताना ज्या लहान, स्वस्त संचाला चांगले गुण मिळाले, तोच समोर दिसू लागल्यावर घसरला, आणि मोठ्या, देखण्या खोक्यांचे गुण वाढले. कान तेच होते. ध्वनीशी रोजचा संबंध असलेल्या माणसांचं हे झालं, तर दिवाळीच्या खरेदीला निघालेल्या कुटुंबाचं काय होणार?

ऑलिव्ह यांनी २००३ मध्ये २६८ श्रोत्यांवर केलेल्या अभ्यासातली गोष्ट मला अधिक धीर देणारी वाटते. पडद्याआड ऐकताना प्रशिक्षित आणि सामान्य श्रोत्यांची पसंती सारखीच निघाली. फरक एवढाच की प्रशिक्षितांची मतं अधिक ठाम आणि सातत्याची होती. म्हणजे चांगला आवाज ओळखण्यासाठी खास कान लागतात, हा समज खरा नाही. ज्या आजींना वूफर आणि ट्विटर हे शब्द माहीत नाहीत, त्यांच्या मताला तितकंच वजन आहे. किंबहुना त्यांना ब्रँड ठाऊक नसतो, म्हणून थोडं जास्तच.

घरी हे करायला दोन खिळ्यांवर पातळ सुती चादर टांगा आणि स्पीकर तिच्यामागे शेजारी-शेजारी ठेवा. घरातलं एक माणूस मागे राहून जोडणी बदलेल आणि फक्त 'एक' किंवा 'दोन' म्हणेल. ऐकणाऱ्यांनी आपापल्या कागदावर लिहायचं, मोठ्याने बोलायचं नाही. एकाने 'वा!' म्हटलं की बाकीचे त्याच्यामागे जातात. मधूनमधून मागच्याने जोडणी न बदलताच आकडा बदलावा. तेव्हाही कुणाला मोठा फरक ऐकू आला, तर त्या कागदावर किती विसंबायचं ते कळतं.

काय वाजवायचं

याचं उत्तर प्रत्येक भाषेत आणि प्रत्येक संगीतात वेगळं असायला हवं असं मला ठामपणे वाटतं. परदेशी मासिकांत जॅझची आणि पियानोची नावं दिलेली असतात. ज्याने समोर बसून पियानो कधी ऐकलाच नाही, त्याला स्पीकरमधला पियानो खरा की खोटा हे कसं कळणार? आपल्या कानात जे प्रत्यक्ष ऐकून मुरलेलं आहे, तेच वाजवायचं.

पहिला मान बोलण्याचा. माणसाच्या आवाजाइतकी ओळख कानाला दुसऱ्या कशाचीच नसते. पु. ल. देशपांड्यांच्या कथाकथनाची ध्वनिमुद्रणं मराठी घरात पाठ असतात, ती लावा. आवाज छातीतून येतो की डब्यातून? की नाकातून? साध्या दोन-मार्गी स्पीकरमध्ये वूफर आणि ट्विटरची हद्द बहुधा २ ते ३ हजार हर्ट्झच्या दरम्यान असते. म्हणजे ती नेमकी बोलण्याच्या स्पष्टतेच्या पट्टीतून जाते आणि कानही त्याच भागात सर्वांत तीक्ष्ण असतो. हद्दीवरचा सांधा कच्चा असेल, तर गाण्यात तो लपतो, पण बोलण्यात उघडा पडतो. प्रेक्षकांचा हशाही ऐका. चांगल्या स्पीकरमध्ये तो अनेक माणसांचा असतो, कुणी जवळचा, कुणी लांबचा. वाईट स्पीकरमध्ये त्याचा एकच खरखरीत गोळा होतो.

मराठीत या परीक्षेसाठी एक तयार साधन आहे. आपल्याकडे च, ज आणि झ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. 'चार' मधला च टाळूचा, 'चाक' मधला दातांचा. 'जीभ' आणि 'जागा', 'झेंडा' आणि 'झाड' यांतही तेच. दातांच्या उच्चारातली घासणी वरच्या पट्टीत, ५ हजार हर्ट्झच्या पुढे जास्त असते, आणि टाळूच्या उच्चाराची त्याखाली. ट्विटर मंद असेल तर हे दोन्ही उच्चार जवळ येतात आणि बोलणारा परप्रांतीय वाटू लागतो. ट्विटर तिखट असेल तर प्रत्येक 'स' आणि 'च' सुईसारखा टोचतो. घरातल्या कुणाकडून फोनवर वर्तमानपत्रातला एक परिच्छेद वाचून घ्या, तो स्पीकरवर वाजवा आणि त्याच माणसाला शेजारी उभं करून पुन्हा वाचायला लावा. फोनच्या माइकच्या मर्यादा लक्षात घेऊनसुद्धा, यासारखी प्रामाणिक चाचणी दुसरी नाही.

मग तानपुरा. एका तारेच्या छेडण्यातून असंख्य उपस्वर निघतात आणि जवारीतला दोरा जागेवर बसला की ते एकामागून एक उमलत जातात. खालपासून वरपर्यंतची सगळी पट्टी तानपुरा एकसारखी भरतो, त्यामुळे स्पीकर कुठे खचतो आणि कुठे उगाच उचल खातो हे त्यात लगेच उघड होतं. किशोरी आमोणकरांचा एखादा विलंबित ख्याल लावा आणि सुरुवातीला गळ्याकडे लक्ष न देता फक्त तानपुऱ्यांकडे द्या. गाणं सुरू झाल्यावरही ते मागे जिवंत राहतात का? कमी प्रतीच्या स्पीकरमध्ये ते भुणभुणीत विरघळतात.

तबल्याची परीक्षा दोन टोकांची आहे. १९२० मध्ये सी. व्ही. रामन आणि शिवकाली कुमार यांनी 'नेचर' मध्ये दाखवून दिलं की साध्या ढोलाच्या कातड्याचे उपस्वर बेसुरे असतात, पण शाईच्या भारामुळे आपल्या तालवाद्यांचे उपस्वर मूळ स्वराच्या पटीत येतात. त्यामुळे तबल्याला स्वर असतो. काळी एकमध्ये लावलेला दायाँ सुमारे २७७ हर्ट्झवर बोलतो. स्पीकरमध्ये 'ना' वाजल्यावर तो स्वर कळला पाहिजे, नुसती टकटक नको. बायाँ मात्र बेसची खरी कसोटी आहे. तळव्याने दाबत नेलेली मींड म्हणजे सरकणारा स्वर. फुगलेल्या बेसचा स्पीकर ती मींड दाखवू शकत नाही. प्रत्येक 'घे' त्याच्याकडे एकाच 'धुम्' मध्ये येतो. हा दोष एकदा ऐकला की पुन्हा कधीच विसरला जात नाही, आणि बाजारातले अर्धे 'दमदार बेस'वाले स्पीकर इथेच गळतात.

शेवटी भजन. जोगेश्वरीत कोकणातल्या चाकरमान्यांची मोठी वस्ती आहे. घरगुती गणपतीपुढे, सत्यनारायणाला, एवढ्याच खोलीत पेटी, पखवाज आणि टाळ घेऊन भजनी मंडळ बसतं. माइकशिवाय, तीन हातांवर. मुंबईकराला मिळणारं कानाचं याहून चांगलं शिक्षण मला माहीत नाही. पितळी टाळ प्रत्यक्षात कसा वाजतो? आघात तीक्ष्ण, पण मागे गोड, लांबणारा नाद. भीमसेन जोशींच्या अभंगवाणीचं ध्वनिमुद्रण लावून तो टाळ शोधा. फुटक्या काचेसारखा 'छस्स' ऐकू आला, तर ट्विटर स्वस्तातला आहे, किंवा फाइल फार दाबलेली आहे. दुसऱ्या स्पीकरवरही तसंच ऐकू आलं तर दोष फाइलचा.

बेसचा मोह

चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये जनरल इलेक्ट्रिकमध्ये जो शंकूचा स्पीकर मांडला, त्याचं तत्त्व आजही तेच आहे. चुंबकाच्या क्षेत्रात गुंडाळी, तिला चिकटलेला शंकू, आणि शंकूने ढकललेली हवा. स्वर एक सप्तक खाली नेला आणि जोर तेवढाच ठेवायचा असला, तर शंकूला चौपट हलावं लागतं. १०० हर्ट्झला १ मिलिमीटर हलणाऱ्या शंकूला ५० हर्ट्झला ४ मिलिमीटर हलायला हवं. ४ इंची वूफर एका मर्यादेपलीकडे हे करू शकत नाही. म्हणून लहान ब्लूटूथ स्पीकरांत अनेकदा १०० हर्ट्झच्या आसपासचा भाग मुद्दाम फुगवलेला असतो. कानाला बेस आल्यासारखा वाटतो, पण खरी खोली तिथे नसते. व्हॉल्यूम वाढवला की आतली यंत्रणा गुपचूप बेस कापते. हे पाहायचं असेल तर एकच गाणं हळू आणि मग जोरात वाजवा. जोरात वाजवल्यावर आवाज पातळ झाला, तर ते कळलं.

आपल्या खोलीत ४८ ते ६४ हर्ट्झचा फुगवटा आधीच हजर आहे. त्यावर सबवूफर ठेवायचा असेल तर तो भिंतीपासून हलवून पाहावा आणि पातळी कमीत कमी ठेवावी. माझं मत विचाराल तर ३०० चौरस फुटांच्या घरात साडेपाच किंवा साडेसहा इंची वूफरचे दोन चांगले बुकशेल्फ स्पीकर पुरतात. सबवूफरचा पैसा त्यांच्यातच घालावा.

खोक्यावरचे आकडे

पीएमपीओ हा शब्द दिसला की त्यापुढचा आकडा वाचूच नका. क्षणभराच्या काल्पनिक शिखराचा तो आकडा असतो आणि तो मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही. आरएमएस वॅट विचारा. तेही फार महत्त्वाचे नाहीत. वॅट दुप्पट केले तर आवाज ३ डेसिबल वाढतो, आणि कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दसपट वॅट लागतात. १ मीटरवर ८६ डेसिबल देणारा आणि ८९ देणारा स्पीकर यांत दुसऱ्याला निम्मी शक्ती पुरते.

'२० हर्ट्झ ते २० किलोहर्ट्झ' या ओळीला पुढे '३ डेसिबल अधिक-उणे' असं काही जोडलेलं नसेल तर तिला अर्थ नाही. खरी माहिती आलेखात असते. स्पीकरभोवती ७० कोनांतून मोजमाप घेऊन काढलेला आलेख, ज्याला स्पिनोरामा म्हणतात, काही कंपन्या आणि स्वतंत्र परीक्षक प्रसिद्ध करतात. त्यात दोन गोष्टी पाहायच्या. समोरची रेषा सपाट आहे का, आणि बाजूच्या रेषा तिच्याच वळणाने हळूहळू उतरतात का. बाजूचं महत्त्व यासाठी की लहान खोलीत आपण ऐकतो त्यातला मोठा भाग भिंतींवरून येतो. आलेख नसेल तर स्पीकर चालू ठेवून स्वयंपाकघरात जा. तिथूनही आवाजाचा रंग तोच राहिला, फक्त लहान झाला, तर बाजूचा आवाज नीट आहे.

रात्री दहानंतर

ध्वनिप्रदूषण नियम २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. शेजाऱ्याची मुलं झोपलेली असतात, ही मर्यादा त्याहून जवळची. भिंतींमधून वरचे स्वर अडतात, पण बेस सहज पलीकडे जातो. अर्ध्या विटेच्या भिंतीपलीकडच्या माणसाला आपली ठुमरी ऐकू येत नाही, फक्त तबल्याचे ठोके जातात.

शिवाय हळू आवाजात आपला कानही बदलतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजलं आणि पुढे त्यावर आंतरराष्ट्रीय मानक झालं. १००० हर्ट्झचा ४० डेसिबलचा स्वर जितका मोठा वाटतो, तितकाच मोठा वाटायला ५० हर्ट्झच्या स्वराला सुमारे ७८ डेसिबल लागतात. म्हणून व्हॉल्यूम उतरवला की बेस सर्वांत आधी नाहीसा होतो, आणि दुकानातल्या ८५ डेसिबलवर केलेली निवड घरच्या रात्रीच्या उपयोगाला येत नाही. पारखताना शेवटची फेरी बोलण्याच्या पातळीवर, किंवा त्याहूनही खाली घ्यावी. शब्द कळतात का, तानपुरा मागे उरतो का, एवढंच पाहावं. जो स्पीकर या पातळीवर रंगतो तो जोरात बहुधा बरा वाजतोच. उलटं नेहमी होत नाही.

जुना स्पीकर घेताना

जुन्या बाजारात उत्तम स्पीकर मिळतात, पण मुंबईची दमट, खारी हवा त्यांना खाते. शंकूच्या कडेची फोमची झालर १०-१५ वर्षांत भुगा होते. रबराची जास्त टिकते. बोटाने हलकेच दाबून पाहा. मग चारही बोटं शंकूवर सारखी टेकवून तो किंचित आत-बाहेर हलवा. खरखर लागली तर गुंडाळी घासते आहे. शंकू आणि झालर बदलून देणारे कारागीर आहेत, पण तो खर्च किमतीतून वजा करून मगच भाव करावा. दोन्ही स्पीकर एकाच गाण्यावर आळीपाळीने ऐका. जोडीतला एक निस्तेज असेल तर ट्विटर गेलेला असू शकतो.

सोसायटीच्या सभागृहासाठी

घरापेक्षा मोठी चूक सार्वजनिक खरेदीत होते. इमारतीचं सभागृह किंवा मंडळाचा मंडप यांसाठी वर्गणीतून स्पीकर घेतला जातो तो विसर्जनाच्या मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंती डोळ्यांसमोर ठेवून, आणि वर्षभर त्यावर होतं काय, तर सभा, बक्षीस समारंभ, हळदीकुंकू, भजन. म्हणजे बोलणं. फरशीच्या, उघड्या भिंतींच्या सभागृहात दोन मोठी खोकी मंचावर ठेवून जोर वाढवला, तर घुमणंही वाढतं आणि शेवटच्या रांगेला शब्द कमीच कळतात. अरुंद, उभे कॉलम स्पीकर छताकडे आणि जमिनीकडे कमी आवाज फेकतात. ते श्रोत्यांच्या जवळ, बाजूच्या भिंतींवर चार ठिकाणी लावले, तर प्रत्येकाची पातळी कमी ठेवता येते. खर्चही आवाक्यात राहतो.

गणपतीच्या आधी तुमच्या इमारतीत अशी खरेदी ठरत असेल तर कार्यकारिणीला एवढं सांगा: विक्रेत्याला स्पीकर सभागृहात आणून वाजवायला लावा, शेवटच्या रांगेत एखाद्या आजींना बसवा आणि माइकवर वर्गणीदारांची यादी वाचून घ्या. आजींना प्रत्येक नाव कळलं, तरच आगाऊ रक्कम द्या.